मदत हवी: पाचवीत गेलेली लेक शाळेत पाणीच पीत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान गावातले. धाकटीची चौथी गावच्याच सरकारी मराठी शाळेत झाली. चारही वर्ग मिळून १९ मुलं, दोन बाई. गोव्यात पाचवीपासूनच हायस्कूल, त्यामुळे यंदा ती वाळपईला जाते. (मुंबईच्या नणंदेला 'दहा वर्षांची पोर हायस्कुलात' ऐकून अजून हसू येतं.)

पहिल्या दिवशी स्वागत झालं, नाही असं नाही. गुलाबाचं फूल, पेढा, हेडमास्तरांचं भाषण, तेही इंग्रजीत. मग तुकड्या पाडल्या आणि गावातली हिची एकुलती मैत्रीण गेली 'ब'मध्ये. गणित-विज्ञान इंग्रजीतून असणार हे ठाऊक होतं, त्याचे शब्द सुट्टीत घोकून घेतले होते.

पण शाळेतून आली की डबा रिकामा आणि पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. चार दिवस तेच. शेवटी भाकऱ्या थापताना सहज विचारलं, तर म्हणते, "पाणी प्यालं की बाथरूमला जावं लागतं. मी 'बाई, जाऊ?' विचारलं तर सगळी हसली."

हायस्कुलात 'टीचर' म्हणतात, एवढं साधं सांगायचं मला सुचलंच नाही!

तुकडी बदलून मागू का? की पोर 'तक्रारवाल्या आईची' म्हणून डोळ्यावर येईल?

प्रतिसाद १
ताई, मी पेडण्यात पाचवीलाच शिकवते. तुकडीचं महिनाभर राहू द्या, पण पाण्याचं उद्याच सांगा. टीचरना बाटली दाखवा, भाषण नको. आमच्याकडे पहिल्या दिवशी सातवीच्या मुली एकेका नव्या मुलीला हात धरून फिरवतात: नळ कुठे, बाथरूम कुठे, बस कुठे लागते. आणि पहिला महिना 'बाई' म्हटलेलं चालतं. मला तर आवडतं.

प्रतिसाद २
अनुदानित शाळा असेल तर व्यवस्थापन समिती असायलाच हवी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश पालक लागतात. तिथे विषय काढा, म्हणजे तुमच्या एकटीची तक्रार राहणार नाही. फुलं-पेढ्यांचा खर्च तरी वाचेल.

मूळ लेखिका
दोघांचेही आभार. समितीत आमच्या वाड्यावरच्या एक वहिनी आहेत, त्यांच्या कानावर घालते. सातवीतली एक मुलगी हिच्याच बसला असते, तिच्या आईशी आजच बोलले. आता एकच: टीचरना डायरीत लिहून पाठवू की स्वतः जाऊ? डायरीत इंग्रजीतच लिहावं लागतं का? माझंही 'मे आय'च्या पुढे अडतं.