मदत हवी आहे: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी लायसिन चालतं, मग व्हॅलिन का चालत नाही?

रानपाखरू:
नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात तो आजार) घेतलाय. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, त्यामुळे आजार लहानपणापासून ऐकून माहीत आहे. अडलंय ते अमायनो आम्लांपाशी.

वर्गात शिकवलं ते असं: पाण्याशी न पटणारी, तेलकट स्वभावाची अमायनो आम्लं प्रथिनाच्या पोटात दडतात आणि भार असलेली बाहेर पाण्याकडे राहतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमायनो आम्लं. त्यातलं सहावं, ऋणभार असलेलं ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन आलं की एचबी-एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन. इथवर कळलं. पण त्याच जागी लायसिन आलं की एचबी-सी, आणि तो आजार म्हणे बराच सौम्य. लायसिन तर धनभाराचं! ऋणाचं शून्य होण्यापेक्षा ऋणाचं धन होणं मोठा बदल नाही का? आणि व्हॅलिन तेलकट, तर त्यामुळे प्रथिनाची घडीच कशी बिघडत नाही? नेटवर "भार बदलतो म्हणून पेशी विळ्यासारखी होते" एवढंच सापडतं. सर म्हणाले, तूच शोध.

पेप्टाइडपंत:
सरांनी बरं केलं. तू भाराची बेरीज-वजाबाकी करते आहेस, पण बघायला हवी ती जागा.

सहावी जागा साखळीच्या सुरुवातीपाशी, रेणूच्या अगदी पृष्ठभागावर आहे. घडी टिकते ती पोटातल्या तेलकट गर्दीमुळे, आणि त्या गर्दीला इथे धक्काच लागत नाही. म्हणून एचबी-एसचा एकटा रेणू बघितलास तर तो नीट घडी घातलेला असतो, ऑक्सिजनही वाहतो. भानगड शेजारच्या रेणूशी होते. ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि बीटा साखळीवर एक तेलकट खाच उघडी पडते. ८५ व्या जागचं फेनिलॲलॅनिन आणि ८८ व्या जागचं ल्युसिन मिळून ती होते. एका रेणूचं व्हॅलिन दुसऱ्याच्या खाचेत प्रेस बटणासारखं बसतं, दुसऱ्याला तिसरा चिकटतो, आणि १४ पदरांचे ताठ दोर तयार होतात. पेशी वाकडी होते ती या दोरांमुळे.

आता लायसिन त्या खाचेत घालून बघ. लांब शेपूट, टोकाला धनभार. पाणी सोडून तेलकट खाचेत ते कशाला शिरेल? त्यामुळे तसे दोर होत नाहीत. सीचा त्रास वेगळा: त्याचे स्फटिक होतात, पेशी कडक होतात, थोडा रक्तक्षय राहतो. मात्र एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून सी आला तर तो आजार सौम्य म्हणून सोडून देण्यासारखा नाही, हे सेमिनारमध्ये नक्की सांग.

लॅबवाली_ताई:
पंतांशी सहमत, पण भाराला अगदीच मोडीत काढू नका हो, आमची पोटं त्यावर चालतात. पीएच ८.६ ला सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर नमुना लावून वीज सोडली की ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, सगळ्यात पुढे धनाग्राकडे पळतो, एस मागे राहतो, सी त्याच्याही मागे. रेणूत बीटा साखळ्या दोन, त्यामुळे एसमध्ये दोन ऋणभार कमी. सीमध्ये ते दोन जाऊन वर दोन धन आले, म्हणजे फरक चारचा. पट्टीवर हा हिशेब डोळ्यांनी दिसतो.

पण पट्टी फसवतेही. डी-पंजाब या हिमोग्लोबिनच्या आणखी एका प्रकारात बीटा साखळीच्या १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन असतं. भारातला फरक एसएवढाच, म्हणून पट्टा एसच्याच जागी येतो. मग सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे हिमोग्लोबिन विरघळलेलं राहतं का ते बघायचं. नळीत डायथायोनाइटचं बफर, त्यात थोडं रक्त, मागे काळ्या रेघांचा कार्ड. डायथायोनाइट ऑक्सिजन ओढून घेतं. एस असेल तर द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा होतात, डी असेल तर स्वच्छ दिसतात. फक्त वाहक आहे की आजार, हे ती टेस्ट सांगत नाही.

शंकेखोर:
डीचा दाखला अर्धाच लागू. जागाच निराळी, त्यामुळे दोर न होण्याचं श्रेय ग्लुटामिनला द्यायचं की १२१ ला? शिवाय रानपाखरू, नव्या रिपोर्टमध्ये याच बदलाला सातवी जागा म्हणतात, कारण सुरुवातीचं, नंतर कापलं जाणारं मेथिओनिन हे अमायनो आम्लही मोजतात. परीक्षक तिथे हमखास अडकवतात.

रानपाखरू:
ताई, पंत, खूप आभार! रेघांच्या कार्डाचा फोटो टाकतेच स्लाइडवर. पण शंकेखोर म्हणतात ते खरं आहे. सहाव्याच जागी, भार नसलेलं, पण व्हॅलिन नव्हे असं काही सापडलंय का?

पेप्टाइडपंत:
सापडलंय. जी-मकासर, इंडोनेशियातल्या मकासर शहराच्या नावावरून. सहाव्या जागी ॲलॅनिन. भारातला फरक एसएवढाच, ॲलॅनिन तेलकटांतच मोडतं, तरी पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. ॲलॅनिनला एकच मिथाइल गट. व्हॅलिनच्या दोन मिथाइलांची फांदी खाच जशी भरून काढते, तसं त्याला जमत नाही. म्हणजे नुसता भार नाही, नुसता तेलकटपणाही नाही, आकारसुद्धा जुळावा लागतो.

जनुक-संपादनवाल्यांनी हेच हेरलं. व्हॅलिनचा कोडॉन, म्हणजे डीएनएमधला तीन अक्षरांचा संकेत, जीटीजी. त्याचं मूळचं जीएजी करणं त्यांच्या एका अक्षराच्या हत्याराला जमत नाही, पण जीसीजी, म्हणजे ॲलॅनिन, करता येतं. २०२१ मध्ये उंदरांवर हे करून दाखवलंय. स्लाइडवर ग्लुटामिक, व्हॅलिन, लायसिन, ॲलॅनिन अशा चार रचना शेजारी काढ, आणि खाचेचं चित्र त्यांच्या वर.