गिरणगाव आणि पूर्व भाग वेगळे

अनेकदा म्हटलं जातं की गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांचं सोलापूर संपलं, आता शहर म्हणजे जुळे सोलापूर, म्हणजे शहराचा नवा विस्तारित भाग. हे पटत नाही. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या कापड गिरण्या ही एक गोष्ट. पूर्व भागातला यंत्रमाग ही दुसरी. साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक हा भाग तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांनी उभा केला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा तिथे एकदा उभं राहून बघाच.

तिथल्या जुन्या घरांची ठेवण मागावर बेतलेली: खाली माग, वर बिऱ्हाड. चादरीच्या मागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र असतं, तेही मागाच्या डोक्यावर. म्हणून खालचं छत उंच लागतं. घर पाडून नेहमीच्या उंचीचे मजले चढवले की जॅकार्ड बसत नाही, आणि माग एक तर एमआयडीसीत जातो नाही तर भंगारात. गल्ली अशी बदलते! खरी सोलापुरी चादर ओळखायची तर उलटून बघा: नक्षी दोन्ही बाजूंना तीच, रंग मात्र उलटे. छापलेल्या चादरीत हे होत नाही.

विडी कामगार बायकांची वस्तीही शहराबाहेर कुंभारी गावाकडे सरकली. गोदूताई परुळेकर वसाहतीत 10 हजार घरं, पुढे रे नगर ही कामगारांचीच वसाहत. तिथल्या पहिल्या 15 हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये मिळाल्या. वाढत्या सोलापूरच्या नकाशात हेही धरा.