यंत्रमागाच्या चादरीला 'हँडलूम' का म्हणायचं?

साखरपेठकर: सोलापुरात, गावातल्या एका दुकानात चादरींच्या गठ्ठ्यावर 'प्युअर हँडलूम', म्हणजे अस्सल हातमागाचा माल, अशी चिठ्ठी बघितली. माल सरळसरळ यंत्रमागावरचा. काठ अगदी एकसारखे, बाण्याचे, म्हणजे आडवे धागे कुठंही मोजा, तेवढेच. हातमागावर विणकर पायाने पावड्या दाबतो, एका हाताने दोरी ओढून धोटा (आडवा धागा नेणारी नळी) पळवतो, दुसऱ्या हाताने बाणा ठोकतो. हात थकला की ठोका हलका पडतो आणि ते कापडावर दिसतं. लाईट गेली की बंद पडणाऱ्या मागाला 'हँड' कशाला जोडायचं? आमच्या घरात आजोबांपर्यंत हातमाग होता, म्हणून हे फार लागतं.

सुनीता, अशोक चौक: मला नाही पटत. पुण्या-मुंबईकडे चादरी, पडदे, टॉवेल विकणाऱ्या दुकानालाच लोक हँडलूम म्हणतात. गिऱ्हाईकाच्या डोक्यात हँडलूम म्हणजे जाड, सुती, टिकाऊ कापड, एवढंच. शब्द वापरून बदलतात. तेल हा शब्द तिळावरून आला, तरी आपण शेंगाचं तेल म्हणतोच की!

साखरपेठकर: म्हणतो, पण डब्यावर शेंगदाणा तेल असं लिहिलेलं असतं ना? बोलताना कुणी काहीही म्हणू दे, चिठ्ठी ही विक्रीची गोष्ट आहे. 1985 च्या कायद्याने काही प्रकारचं कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवलंय. खरा माल ओळखता यावा म्हणून 2006 पासून 'हँडलूम मार्क' हे सरकारी चिन्ह आहे. शब्दाला अर्थच उरला नसता तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

रेवण: बरोबर. हातमागावर दिवसभर राबून निघालेली चादर आणि यंत्रमागाची चादर एकाच नावाने शेजारी ठेवली, तर गिऱ्हाईक स्वस्तातलीच उचलणार. विणकर बसला घरी.

लूमवाला, अक्कलकोट रोड: माझा यंत्रमागाचा कारखाना आहे, मला त्याची लाज नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि आज बहुतेक चादरी यंत्रमागावरच निघतात. आमच्याकडे 'लूमवर जातो' म्हटलं की यंत्रमागच समजतात. चिठ्ठी बाहेरगावचा व्यापारी मागतो. ती नसेल तर माल उचलत नाही.

साखरपेठकर: मग 'सोलापुरी चादर' एवढंच छापा. हे नाव काय कमी आहे का?

लूमवाला, अक्कलकोट रोड: कमी नाही. पण मी एकट्याने छापलं तर तो शेजारच्या कारखान्यातून माल घेईल. माझ्या कामगारांचा आठवड्याचा पगार मग कुठून द्यायचा? सगळ्या कारखानदारांनी मिळून ठरवलं तर मी चिठ्ठी काढायला तयार आहे.