कॉलेजात गर्भपाताविरोधी फलक लागलेत, त्या मुलाला काय उत्तर द्यायचं?

बीडची_लेक:
मी अमेरिकेत, ओहायो राज्यात सरकारी विद्यापीठात शिकते. सोमवारपासून लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर गर्भपाताविरोधी संघटनेची माणसं आलीत. पुरुषभर उंचीचे फलक, त्यावर रक्ताळलेल्या गर्भांचे फोटो. आमच्याच विद्यार्थ्यांनी पन्नासेक पावलं अलीकडे पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं, 'पुढे त्रासदायक चित्रं आहेत, इकडून जा.' काही मुली चादरी ताणून फलक झाकत उभ्या होत्या. एकजण तावातावाने भांडत होता. बाकीचे बहुतेक मान खाली घालून निघून जात होते.

माझी लॅबमधली मैत्रीण एका फोटोपाशी थबकली. हातातली कॉफी तिथेच गवतावर ठेवली आणि चालायला लागली. संध्याकाळी सांगितलं, मार्चमध्ये तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ पडला होता. हवं असलेलं मूल होतं.

मला तिथल्या एका मुलाने गाठलं. माझ्याच वयाचा, बोलायला नम्र. भारतातली म्हटल्यावर म्हणाला, "तुमच्याकडे मुली पोटातच मारतात ना, मग तू आमच्याच बाजूची." माझी वाचाच बसली. 2011 च्या जनगणनेत आमच्या बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त 807 मुली होत्या. आई उपकेंद्रावर नर्स. लेक वाचवाच्या फेरीत मी तिचा पदर धरून घोषणा दिल्यात. आणि चौथी खेप असलेली, अंगात रक्त नसलेली एक बाई होती, तिला याच आईने एसटीने तालुक्याला नेऊन पिशवी साफ करून आणलं, तेही मला आठवतंय. मी त्याला काय सांगायला हवं होतं?

कोलंबसकर:
सरकारी विद्यापीठ असल्यामुळे मोकळ्या जागेतून त्यांना हुसकता येत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने त्यांना बोलायचा हक्क आहे, तसा चादर धरणाऱ्या मुलींनाही. ओहायोत हा विषय फार ताजा आहे. जून 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा निकाल फिरवला आणि लगेच इथे सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी आली. पुढे कोर्टाने ती थांबवली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये लोकांनी मतदान करून हा हक्क राज्याच्या घटनेत घातला. म्हणून पोरं इतकी पेटतात. तू भांडू नकोस, समोर कॅमेरे असतात.

वसईचा_अंतोन:
ताई, मी कॅथलिक आहे आणि न्यू जर्सीत अशाच गटात काम करतो. गर्भ म्हणजे जीव, हे मी मनापासून मानतो. पण ते फोटो मी कधी धरत नाही. आम्ही गरोदर मुलींना डायपर, पाळणे, दवाखान्यात जायला गाडी देतो. तुमच्या मैत्रिणीचं वाचून फार वाईट वाटलं. फलक लावणाऱ्याला समोरून कोण येतंय ते ठाऊक नसतं. आणि बीडच्या मुलींचं नाव त्याने असं वापरायला नको होतं.

सांगलीची_डॉक्टर:
बीडची_लेक, तुझ्या दोन आठवणींत विरोध नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी आहे ती 1994 च्या कायद्याने. गर्भपाताला कायद्याच्या अटींत मुभा आहे ती 1971 पासून, आणि 2021 मध्ये काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. पण 'स्त्रीभ्रूणहत्या' या शब्दाने इतका घोळ केलाय, की माझ्याकडे येणाऱ्या बायका दार लावून घेऊन विचारतात, "मॅडम, पोलीस येतील का?" तीन महिने अंगावर काढून येतात, केवळ भीतीपोटी. त्या मुलाला एवढंच सांग, बीडमध्ये मुलगी नको म्हणून सासरचे बाईला सोनोग्राफीला ओढून नेत होते. बाईला कुणी विचारतच नव्हतं.

बीडची_लेक:
डॉक्टर, हे वाचून रात्री आईला फोन केला. तिला ती एसटीतली बाई नावानिशी आठवली. म्हणाली, "अगं, येताना तिला उलट्या होत होत्या, तू खिडकीची जागा दिली होतीस." मला ते अजिबात आठवत नव्हतं.

अंतोनदादा, तुमचं म्हणणं मैत्रिणीला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण पुन्हा वाच म्हणाली.

फलक गुरुवारपर्यंत आहेत. तोवर आम्ही दोघी मागच्या पार्किंगमधून लॅबला जातोय. शुक्रवारी त्या मुलाचा गट सभागृहात प्रश्नोत्तरं घेणार आहे. मी नाव नोंदवलंय.