मदत हवी आहे : बाबांचा पाय गुडघ्याखालून काढायला सांगितलाय, सही करण्याआधी काय तपासून घ्यावं?

बाबा ७१ वर्षांचे. मधुमेह वीस वर्षांचा, सिगारेट तीन वर्षांपूर्वी सुटली. थोडं चाललं की पोटऱ्या वळतात, थांबलं की बरं वाटतं, असं ते वर्षभर म्हणत होते. आम्ही वयावर ढकललं. दोन महिन्यांपूर्वी चप्पल चावून उजव्या करंगळीला जखम झाली. ड्रेसिंग झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, जखम आहे तिथंच. आता करंगळी काळी पडून सुकली आहे. रात्री पाय इतका ठणकतो की ते पलंगावरून खाली सोडून बसून राहतात, तेवढाच आराम. मी गरम पाण्याची पिशवी देते.

काल सर्जन म्हणाले, पाय गुडघ्याखालून काढू. अँजिओप्लास्टीचं (अडलेली धमनी आतून फुग्याने उघडणं) विचारलं तर "या वयात काय उपयोग?" इतक्या दिवसांत पायाची नाडी कुणी हात लावून पाहिलेली नाही, डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) तर दूरच. क्रिएटिनिन १.८ आहे (म्हणजे किडनी कमजोर), त्यामुळे अँजिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या डायची भीती घातली आहे. आम्ही उगाच वेळ घालवतोय का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

— करंजफूल

करंजफूलताई, आधी गरम पिशवी बंद करा. मधुमेहात पाय बधिर असतो, भाजलेलं कळत नाही आणि रक्त नसलेल्या पायावरचा फोड भरत नाही.

ताप, पू, घाण वास किंवा वर सरकणारी लाली असेल तर इथे उत्तरांची वाट पाहू नका, आजच दाखल करा. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडला तरी तेच, तिथे तासांचा हिशेब असतो. कोरडंच असेल तर सहसा व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनला दाखवण्याइतका वेळ मिळतो, पण उद्यावर टाकू नका.

पायाचा रक्तपुरवठा तपासायला एबीआय काढतात, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं. ०.९ च्या खाली आलं की धमनीत अडथळा. मधुमेहींत मात्र हा आकडा फसवतो, कारण धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती पट्ट्याने दबत नाही आणि उत्तर १.४ च्या वरही जातं. म्हणून पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मागा. ते ३० च्या खाली असेल तर रक्तपुरवठा वाढवल्याशिवाय जखम भरणं फार कठीण. डॉप्लरला डाय लागत नाही. पुढे अँजिओग्राफी लागली तरी डाय कमी वापरता येते, काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वायूवरही करतात.

आणि वयाचं म्हणाल तर, चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली पहिली अँजिओप्लास्टी केली ती ८२ वर्षांच्या बाईंच्या पायावर. बोटं काळी पडली होती, पाय कापायला त्या तयार नव्हत्या. हृदयाची अँजिओप्लास्टी त्यानंतरची!

— जुना_कंपाउंडर

आमच्या काकांचा अनुभव उलटा, तोही ऐका. आधी फक्त बोट काढलं, रक्तपुरवठा कुणी पाहिला नाही. ती जखम भरलीच नाही, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालून. बोट जाणारच असेल तरी आधी रक्त, मग सुरी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. फुगा (अँजिओप्लास्टी) की बायपास (शीर जोडून अडथळ्याला वळसा) यात ठाम मतं देणाऱ्यांपासून जरा जपून. बेस्ट-सीएलआय चाचणीत (२०२२) पायातली शीर चांगली असलेल्यांना बायपास सरस ठरला, बेसिल-२ मध्ये (२०२३) गुडघ्याखालच्या अडथळ्यांना आधी फुगा. त्यामुळे शिरेचं मॅपिंग (ती बायपासला चालेल का, याची तपासणी) करून घ्या. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

— सावरीण

आभार सगळ्यांचे. ताप नाही, पू नाही. ॲस्पिरिन आहे, स्टॅटिन मध्येच आम्ही बंद केलं होतं (चूक आमचीच). आज डॉप्लर झाला. गुडघ्यामागपर्यंत प्रवाह ठीक, खाली तीनपैकी एकच धमनी चालू, तीही घोट्यापाशी अडलेली. सही केलेली नाही, उद्या सकाळी व्हॅस्क्युलर सर्जनची वेळ मिळाली आहे. बाबा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. अँजिओग्राफी ठरलीच तर ते आधी थांबवतात का, हे उद्या विचारायच्या यादीत घातलंय. आणखी काय घालू?

— करंजफूल