भाचा १८चा होतोय: भारतीय पासपोर्ट, थाई ओळखपत्र आणि सहा महिन्यांची मुदत

परळची_आत्या

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबट आहे, चहा घेऊन बसा.

दादा मर्चंट नेव्हीत, वहिनी थाई, खोन केनच्या बाजूची. भाचा २००८ साली बँकॉकमध्ये जन्मला. दादाने वर्षाच्या आत सुखुमवितच्या भारतीय दूतावासात त्याची नोंद केली, पासपोर्ट भारतीय काढला, आणि पोरगं शाळेच्या वयात आलं तेव्हापासून आमच्याकडे परळला आहे. आईकडून तो थाई आहेच. थाई जन्मदाखला आहे, आजीच्या घराच्या निळ्या नोंदणीपुस्तकात नाव आहे, सातव्या वर्षी काढलेलं थाई ओळखपत्र आहे. थाई पासपोर्ट मात्र कधीच काढलेला नाही. दूतावासातल्या नोंदीच्या वेळी 'मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि दादा दिलेल्या शब्दाला भलताच चिकटून राहणारा. त्यामुळे पोरगं स्वतःच्या आजीकडे जातं ते परदेशी पाहुणा म्हणून. यंदा, २०२५च्या मे महिन्यात तर थायलंडचं नवीन डिजिटल आगमन कार्डही भरलं. थाई माणसाला ते लागत नाही, पण याच्या हातात पासपोर्ट भारताचा, ओळखपत्र खिशात!

दादा बोटीवर असतो, म्हणून कागदपत्रांचं खातं माझ्याकडे. मी स्वतः बँकेत केवायसीच्या टेबलावर बसते, तेव्हा काउंटरच्या आतलं दुखणंही मला ठाऊक आहे. जन्माचा देश 'भारत' सोडून दुसरा काहीही टाकला की आमच्याकडे स्क्रीनवर जादा रकाने उघडतात: नागरिकत्व कुठलं, कर कुठे भरता, तिथला पत्ता काय. समोरचा घामाघूम. भाच्याचं खातं उघडताना माझ्याच शाखेत माझ्याच सहकारी बाईंनी मला हे सगळं विचारलं. मी निमूट उत्तरं दिली, कारण मीही हेच विचारते.

शाळेत वेगळीच गंमत. दूतावासाचा दाखला असताना ऑफिसात 'मूळ जन्मदाखला' हवा म्हणून हटून बसले. थाई दाखल्याचं भाषांतर दिलं. भाषांतर करणाऱ्याने साल तसंच ठेवलेलं, २५५१. तिकडे बौद्ध संवत, आपल्यापेक्षा ५४३ने पुढे. क्लार्कने चष्मा वर केला, कागद खिडकीकडे धरला आणि म्हणाला, "मॅडम, हा मुलगा जन्मायला अजून पाचशे वर्षं आहेत." भाषांतर पुन्हा करून आणेपर्यंत प्रवेश अडकला.

आता खरा प्रश्न. पुढच्या सप्टेंबरात तो १८चा होतोय. त्याचा पासपोर्ट अज्ञान (म्हणजे १८ खालच्या) मुलाचा, तो वाढदिवसालाच संपतो. बँकेचं खातंही तेव्हा सज्ञान म्हणून नव्याने केवायसी मागणार. आणि मागच्या आठवड्यात आजीचा फोन: गावचा मुखिया विचारून गेला, मुलाची लष्कराची नोंद केलीत का? वहिनी दोन दिवस नीट जेवली नाही.

आधी काय करायचं? पासपोर्ट, की थाई नागरिकत्वाचा निकाल, की ही लष्कराची भानगड? 'एजंट गाठा' हे उत्तर कृपया नको.

घाटकोपर_स्लो

ताई, सरळ थाई पासपोर्ट काढा आणि ओसीआय करा, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड. आईवडिलांपैकी एक भारतीय असला की मिळतं. माझ्या चुलतभावाच्या मुलांचं अमेरिकेत तसंच केलं. आयुष्यभर व्हिसाची कटकट नाही.

परळची_आत्या

@घाटकोपर_स्लो भाऊ, तुमच्या पुतण्यांना इथे कॉलेजात जायचं नसेल. आमच्याला 'नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायचीय, क्लासची फी भरून झाली. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनंतर ओसीआयवाल्यांना वैद्यकीयची जागा एनआरआय कोट्यातूनच मिळते. सुप्रीम कोर्टानेही २०२३मध्ये एवढंच सांगितलं की त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना हा नियम लावू नका. आमचं कार्ड आज काढलं तर आजचीच तारीख. एनआरआय कोट्याची फी ऐकून दादा म्हणाला, बोट विकावी लागेल, आणि बोट काही त्याची नाही.

कलमकसाई

ताई, तुमच्या प्रश्नात दोन देशांची घड्याळं आहेत आणि ती जुळत नाहीत. एक एक बघू.

भारत. तुमचा भाचा नागरिकत्व कायदा १९५५च्या कलम ४ खाली, म्हणजे वंशाने, नागरिक आहे. त्यातलं पोटकलम (१अ) वाचा. असा अज्ञान मुलगा दुसऱ्या देशाचाही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्याने ते दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारताचं आपोआप जातं. नोटीस येत नाही, पत्र येत नाही. लोकांना पाच-सात वर्षांनी कुठल्यातरी अर्जात कळतं. तुमच्या हिशेबाने २०२७चा मार्च.

(हेच पोरगं परळच्या वाडिया हॉस्पिटलात जन्मलं असतं तर ते कलम ३ खाली आलं असतं आणि हे पोटकलम त्याला लागूच झालं नसतं. आईबाप तेच, मुलगा तोच.)

थायलंड. त्यांचा कायदा १९६५चा, तिथे माणूस सज्ञान होतो २० व्या वर्षी. आई किंवा वडील परदेशी असलेल्या मुलाला दुसरं नागरिकत्व ठेवून थाई सोडायचं असेल, तर कलम १४ प्रमाणे घोषणा करायची ती २० पूर्ण झाल्यानंतरच्या एका वर्षात. म्हणजे भारत म्हणतो साडेअठराच्या आत सोड, आणि थायलंड म्हणतं विसाव्या वर्षानंतर ये. थायलंडला स्वतःला दोन नागरिकत्वांची फारशी अडचण नाही, त्यामुळे त्यांना घाईही नाही.

कलम १५चा आणखी एक रस्ता आहे, दुसरं नागरिकत्व असलेल्या इतर लोकांसाठी. पण मंजुरी मंत्र्यांच्या हातात. माझं मत असं: भारताच्या कलमात भर 'त्याने सोडलं नाही तर' यावर आहे. म्हणून मुदतीच्या आत नरिमन पॉइंटच्या थाई वकिलातीत लेखी अर्ज द्या, आईवडिलांच्या संमतीसकट, आणि तारखेची पोच घ्या. घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. एवढ्याने भागेल का, हे नागरिकत्वाचं काम करणाऱ्या वकिलाकडून लेखी घ्या. माझ्यासारख्या टोपणनावाच्या भरवशावर राहू नका.

आणि काहीही झालं तरी हा निर्णय होईपर्यंत थाई पासपोर्ट काढू नका. पासपोर्टच्या अर्जातलं स्वयंघोषणापत्र नीट वाचलंत तर 'स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व किंवा प्रवासाचा दस्तऐवज घेतलेला नाही' असं आहे. थाईपण त्याला जन्माने मिळालं, ते स्वेच्छेत येत नाही. प्रवासाचा दस्तऐवज त्याच्याकडे नाही. म्हणजे आज तो या वाक्याखाली खरी सही करू शकतो. उद्या लाल पासपोर्ट हातात आला की करू शकणार नाही. तुमच्या दादाच्या हट्टाने घर वाचवलंय म्हणा.

वरळी_सीफेस

सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण ऐकली होती. इथे सरकारच आपल्याला सहा महिने देतंय. 😄

सुखुमवितकर

मी मूळचा गिरगावचा, बायको थाई, गेली बरीच वर्षं बँकॉकमध्ये आहे. लष्कराचं सांगतो, कारण घाबरायचं कशाला आणि कशाला नाही यात लोक गफलत करतात.

मुखिया विचारतोय ती भरती नाही, नुसती नोंद आहे. मुलगा ज्या वर्षी १७ पूर्ण करतो त्या वर्षात त्याने आपल्या तालुक्याला, म्हणजे अम्फूला, नाव लावायचं असतं. २५५१चा जन्म म्हणजे २५६८, हेच चालू वर्ष. डिसेंबर संपेपर्यंत वेळ आहे. वहिनींना जेवायला सांगा.

भरती पुढे, २१ च्या वर्षी, एप्रिलमध्ये. तिथे चिठ्ठ्या काढतात: काळी आली तर घरी, लाल आली तर सैन्यात. स्वतःहून गेलं तर मुदत कमी, पदवी असेल तर आणखी कमी, शिक्षण चालू असेल तर पुढे ढकलताही येतं. शाळेत तीन वर्षं राखीव दलाचं प्रशिक्षण घेतलेल्या पोरांना चिठ्ठीच काढावी लागत नाही, पण तुमचा भाचा परळच्या शाळेत, त्याला तो रस्ता नाही. तोपर्यंत तो थाई राहिलाच नाही तर प्रश्न मिटला. पण त्यासाठी नोंद टाळू नका. नाव निळ्या पुस्तकात आहे, म्हणजे तालुक्याला तो माहीत आहे. उद्या नागरिकत्व सोडायचा अर्ज घेऊन जाल आणि मागे नोंद चुकल्याचं प्रकरण निघालं, तर नसती बिलामत.

दुसरं, जे कुणी बोललं नाही. जमीन. आजीची भातशेती आहे का? थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. वारशाने आली तरी साधारणपणे विकून मोकळं व्हावं लागतं. उलट ओसीआयवाल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळालेली ठेवता येते. म्हणजे थाईपण सोडलं तर तिकडची शेती जाते, भारतीयपण सोडलं तर कोकणातली जात नाही. माझ्या घरी या एका मुद्द्यावर निर्णय झाला. नीट वगैरे आमच्याकडे नव्हतं.

ठाणे_पूर्व_आई

आमची मुलगी ओसीआय झाली. आम्ही उलट बाजूने गेलो म्हणून एक अडचण सांगते. ती भारतात आलेली भारतीय पासपोर्टवर. तो परत केला, आता थाई पासपोर्टवर भारताचा व्हिसाच नाही, आणि भारतात राहून ओसीआयचा अर्ज करायला आधी वैध व्हिसा हवा. स्वतःच्या घरात बसलेली मुलगी कागदावर कुठून आली तेच दिसेना. सीएसएमटीजवळ, झेवियर्सच्या मागे परदेशी नोंदणीचं ऑफिस आहे, अर्ज सगळे ऑनलाइन, पण शंका विचारायला मी तिथे जाऊन बसले. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर क्रम लिहून दिला, तो मी लॅमिनेट करून ठेवलाय. तो रस्ता घेणार असाल तर पासपोर्ट परत करण्याआधी व्हिसाचं ठरवा.

नावाचंही बघा. थाई कार्डावर वडिलांचं नाव मध्ये येत नाही आणि रोमन स्पेलिंग त्यांच्या पद्धतीचं. आम्ही 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं. प्रती जास्त काढा, सगळीकडे लागते.

परळची_आत्या

सगळ्यांचे आभार. @कलमकसाई, १८ आणि २० चा घोळ मी रात्री दादाला बोटीवर व्हॉट्सॲप केला. त्याचं उत्तर आलं, "मग मधली दीड वर्षं तो कोण?" मी म्हटलं, परळकर.

जमिनीचं वाचून मात्र घरात चर्चा पेटली. आजीकडे भातशेती आहे, फार नाही, पण वहिनी तिथेच वाढली. वहिनीचं म्हणणं, तिच्या नावावर येईल तेवढी पुरे, पोराला डॉक्टर व्हायचंय तर शेतीकडे बघून ठरवू नका. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, मला दोन्ही हवंय. ते सोडून काय हवं असं विचारल्यावर म्हणाला, भारतीय, पण आजीला तुम्ही सांगा.

तर असं ठरलंय. दिवाळीच्या सुट्टीत वहिनी आणि तो खोन केनला जाऊन नोंद करून येणार, भारतीय पासपोर्टवरच. वाढदिवस झाला की लगेच सज्ञान म्हणून पासपोर्टचा नवा अर्ज, घोषणापत्र नीट वाचून. थाई नागरिकत्व सोडण्याचा अर्ज त्याच महिन्यात वकिलातीत, मार्चची वाट न बघता. त्याआधी वकिलाचं लेखी मत. त्याची फी मी देणार, कारण आत्या.

@ठाणे_पूर्व_आई, प्रतिज्ञापत्राचा मसुदा वैयक्तिक निरोपात पाठवाल का? नावं खोडून पाठवा. आणि एक विचारायचं राहिलं: दूतावासाच्या जन्मनोंदीचा मूळ कागद जुना होऊन घडीवर फाटायला आलाय. दुसरी प्रत बँकॉकहूनच मागवावी लागते, की मुंबईत बसून मिळते? कुणी मागवली असेल तर सांगा, दिवाळीआधी कळलं तर वहिनी जाताना ते कामही करून येईल.