गोष्टच नसलेले जुने मूकपट का बघावेत? (सोलापूरकरांची ऑनलाइन चर्चा, टोपणनावांनी)

माळरान: योरिस इव्हेन्स यांचा 'रेन' (१९२९) बघा. ॲमस्टरडॅमवर एक सर येते नि जाते, एवढंच. कालव्यात पहिला थेंब पडतो, वर्तुळं उठतात, छत्र्या उघडतात, ट्रामच्या काचेवरून पाणी ओघळतं. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या सोलापूरकरांना त्या थेंबाचं मोल सांगायला हवं का?

सात रस्ता: मला नाही पटत. सिद्धेश्वर तलावावरच्या पावसाचे व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्येही आहेत. शंभर वर्षं जुनं आणि दुर्मिळ झालं की लगेच कला? सिनेमाला गोष्ट लागतेच. दहा-बारा मिनिटं नुसतं पाणी कोण बघणार?

माळरान: ती एक सर नाहीच मुळी! इव्हेन्स महिनोन्महिने कॅमेरा घेऊन हिंडले आणि कितीतरी पावसांचे तुकडे जोडून त्यांनी ती सर रचली. त्याच वर्षीचा राल्फ स्टायनर यांचा 'एचटूओ' तर आणखी पुढे जातो. पाण्यावरची प्रतिबिंबं इतक्या जवळून दाखवतो, की शेवटी शेवटी नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेषा हलताना दिसतात. हे मोबाईल धरून आपोआप होत नाही.

रेल्वे लाईन्स: मला १९०६ची सॅन फ्रान्सिस्कोची फिल्म आवडते. केबल कारच्या, म्हणजे तिथल्या रस्त्यावरच्या ट्रामच्या, पुढच्या टोकाला कॅमेरा, समोर मार्केट स्ट्रीट. काही दिवसांतच, १८ एप्रिलला भूकंप झाला, आगी लागल्या आणि त्यातलं बरंचसं शहर गेलं. बघताना पोटात कालवतं.

सात रस्ता: ते भूकंप माहीत आहे म्हणून. दस्तऐवज म्हणून मान्य, पण ती किमया दिग्दर्शकाची नव्हे. शिवाय हल्ली त्यावर रंग चढवतात, ट्रामचे खोटे आवाज घालतात. मग अस्सल काय उरलं?

माळरान: रंग-आवाजाबद्दल शंभर टक्के सहमत, वाटोळं करतात. पण आपल्याकडचं बघा. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२मध्ये फाळक्यांनी 'अंकुराची वाढ' केला. रोप उगवून वाढतं, बस्स. थोडं थोडं करत कितीतरी दिवस चित्रण केलं त्यांनी.

सात रस्ता: भांडवल मिळावं म्हणून! पैसे हातात आल्यावर हरिश्चंद्राच्या गोष्टीकडेच वळले ना?

माळरान: वळले. पण पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला तो ते रोप वाढताना बघून.

सात रस्ता: हा मुद्दा बिनतोड आहे. 'रेन'ची रंग न चढवलेली प्रत असेल तर लिंक टाका, पूर्ण बघतो. गोष्टीचा आग्रह मात्र सोडणार नाही.